नव्या वाणाची ओढ

बसायला जागा घ्या. शेताचा बांध असेल तर उत्तम, नाहीतर घरातली खिडकी. पाठ ताठ ठेवण्याचा आटापिटा नको. पाणी देऊन झाल्यावर माणूस टेकतो तसे टेका. या मननात अधूनमधून थांबायला सांगेन. तिथे खरोखर थांबा. पुढची ओळ कुठे पळून जात नाही.

आता शेळगाव मनात आणा. बारामतीहून इंदापूरकडे जाताना ऊस आणि डाळिंब शेजारी शेजारी दिसतात, त्या पट्ट्यातले हे गाव. पाऊस इथे हात राखून पडतो. इंग्रजांच्या काळात खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याने या बाजूचे नशीब बदलले, पण सगळ्यांचे सारखे नाही. पाणी भरपूर पोचते तिथे ऊस. मोजके पोचते तिथे हलकी, मुरमाड रानं, ठिबकच्या नळ्या आणि डाळिंबाच्या ओळी.

अशा एका ओळीतले एकच झाड निवडा. कोपऱ्यातले असले तरी चालेल. भगवा वाणाचे आहे. बुडातून तीन-चार खोडं वर आलेली, काटेरी, पानं लहान आणि चकचकीत. ताण संपून पाणी सुरू झाले आहे, कळी निघते आहे. काही करायचे नाही. फक्त बघा. लाल कळी, तिचे जाड कवच, फांदीवर एकटी आलेली कळी, घोसात आलेली कळी.

एवढ्यात बांधावरून कोणीतरी हाक मारतो.

"दादा, नवं वाण आलंय. कलर बघाल तर बघतच राहाल. साईज मोठी, साल जाड. रोगालाही दाद देत नाही म्हणे."

आणि तो फोनवरचा फोटो पुढे करतो.

इथे थांबा. फोटो बघितल्यावर मनात काय हलते ते नीट पाहा.

आधी एक उसळी येते. कोणाची गुटी, कुठली नर्सरी, रोप कितीला, असे प्रश्न ओठावर येतात. त्याच्या पाठोपाठ घडते ते सहसा लक्षात येत नाही: समोरचे झाड फिके पडते. मघाशी ज्या कळीकडे बघत होतो ती आता नेहमीचीच वाटते. तेल्या रोगाने फळे तडकली ते वर्ष आठवते. व्यापाऱ्याने डागी माल म्हणून क्रेट बाजूला काढले ती सकाळ आठवते. जुन्या झाडाला आपण त्याच्या सगळ्या वाईट वर्षांसकट ओळखतो. नवे वाण अजून एकाही वाईट वर्षातून गेलेले नाही. ते इतके निर्दोष दिसते याचे मोठे कारण एवढेच आहे.

ही ओढ वाईट आहे असे म्हणायला घाई करू नका. तिला नुसते शेजारी बसू द्या. जानेवारीत बारामतीला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रावर 'कृषिक' भरते, तेव्हा लोक लांबून गाड्या करून येतात आणि प्रात्यक्षिकाच्या प्लॉटपुढे उभे राहतात. त्यांच्या डोळ्यांत जे असते त्याला नुसता लोभ म्हणता येणार नाही. कर्ज फिटेल, पोरीचे शिक्षण होईल, पुढच्या वर्षी बोअर घेता येईल, अशी कितीतरी आशा त्या एका रोपावर टेकलेली असते. निव्वळ हौसेच्या बागेतही हेच घडते. थंड देशांत पिओनी नावाचे फूलझाड आहे. त्याचे फूल ओंजळीएवढे, पाकळ्यांनी गच्च भरलेले. त्याला कडक हिवाळा लागतो, आपल्या उन्हात ते तग धरायचे नाही. १९०३ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन पिओनी सोसायटी त्याच्या वाणांची नोंद ठेवते. नव्या नोंदी आल्या की तिकडचे बागवान त्या वर्णनांवर तुटून पडतात. त्यांना कर्ज फेडायचे नसते की क्रेट भरायचे नसतात, तरी ओढ तीच. म्हणजे ती पोटापुरती नाही. माणसाच्या आत कुठेतरी 'अजून न पाहिलेले' पाहण्याची जागा रिकामी असते, आणि नवे वाण नेमके तिथे येऊन बसते.

एक श्वास सावकाश घ्या. मग पुढे जाऊ.

आता झाडाची एक फांदी हातात धरा. पेन्सिलीएवढी जाड, सरळ वाढलेली. तुकोबांची पालखी बेलवाडीचे रिंगण उरकून निमगाव केतकीकडे निघते त्या दिवसांत हवेत ओल असते, आणि तीच गुट्या बांधायची वेळ. फांदीची साल इंचभर गोल काढायची, तिथे मुळ्या फुटण्याचे संजीवक लावायचे, ओले मॉस बांधायचे, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्हीकडे आवळायचे. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकच्या आत पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. मग ती फांदी खालून कापून पिशवीत लावायची. रोप तयार.

हे रोप नवे झाले का?

डाळिंबाचे बी पेरले तर उगवणारे झाड आईसारखे निघेलच असे नाही. गुटीचे तसे नसते. तिथे त्याच झाडाचे शरीर पुढे चालू राहते, फक्त जागा बदलते. शेळगावातला भगवा, सांगोल्यातला भगवा, सटाण्यातला, पार कच्छमधला भगवा, ही सगळी कधीकाळी निवडलेल्या एका झाडाची अंगे आहेत. माती वेगळी, मालक वेगळे, सातबारे वेगळे, शरीर मात्र एक.

हे मनात मुरायला वेळ लागतो. डोळे मिटा आणि नजर हळूहळू उंच न्या: आधी ही ओळ, मग हा प्लॉट, मग गाव, तालुका, जिल्हा, शेजारची राज्ये. लाखो झाडे, आणि सगळीकडे एकच जीव बहार धरतो आहे.

आता ध्यानात येईल की वाणाचे बळ जिथे असते तिथेच त्याचा धोकाही असतो. सगळीकडे सारखा रंग, सारखा गोडवा, म्हणून व्यापाऱ्याला माल ओळखीचा वाटतो. आणि सगळीकडे सारखाच कमकुवतपणा, म्हणून रोग आला की त्याला वेगळा दरवाजा शोधावा लागत नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तेल्याने महाराष्ट्रात बागाच्या बागा मोडल्या. रोग जिवाणूंचा. रोगट बागेतली गुटी नव्या बागेत गेली की तोही तिच्याबरोबर गेला. त्या काळात ज्यांनी घाईने, स्वस्तात, कुठलीही रोपे आणली त्यांच्या घरी रोप आणि रोग एकाच टेम्पोतून उतरले. नव्याची ओढ जितकी घाईची, तितकी ती रोपाच्या मागचे झाड बघायची विसरते. म्हणून कोणतेही रोप बघताना त्याच्यापलीकडे नजर टाकायची सवय लावा. ही गुटी ज्या झाडाची आहे ते झाड कुठे उभे आहे? निरोगी आहे का? ते मी पाहिले आहे का?

आता उलट चालू. पुढे नाही, मागे.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये 'सोलापूर लाल' नावाचे वाण दिले. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेले. त्याच्या एका बाजूला भगवा आहे. दुसऱ्या बाजूला गणेश, 'नाना' नावाचे बुटके शोभेचे डाळिंब, आणि 'दारू' म्हणून ओळखले जाणारे हिमालयाच्या उतारावरचे रानटी डाळिंब. या रानटी डाळिंबाचे दाणे इतके आंबट की वाळवून त्यांचा अनारदाणा करतात. नव्यातल्या नव्या वाणाच्या अंगात असे रान आहे.

आणखी मागे. भगवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून २००३ च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत आला. त्याची एक बाजू गणेश, दुसरी 'गुल-ए-शाह रेड', लाल दाण्याचे परदेशी डाळिंब. गणेशचे बी मऊ, पण दाणा फिकट गुलाबी. परदेशी जातीचा रंग गडद. दोन्ही एकत्र आले आणि त्यांच्या दुसऱ्या पिढीतल्या रोपांतून भगवा निवडला गेला. आपण ज्याला 'कलर' म्हणतो तो असा दूरच्या मुलखातून आला आहे, आणि खाताना दाताखाली न टोचणारे बी आले आहे पुण्याहून.

आणखी मागे. १९३६. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा आळंदी नावाच्या जुन्या डाळिंबाच्या रोपांतून एक झाड वेगळे काढतात. त्याला तेव्हा साधी खूण मिळते, जी.बी.जी.-१. गणेश हे नाव त्याला १९७० मध्ये मिळाले. चौतीस वर्षे ते झाड आकड्याच्या नावानेच फळत राहिले.

आळंदी, गणेश, भगवा, सोलापूर लाल. ही नावे एकदा मनातल्या मनात सावकाश म्हणा. ऐंशी वर्षांहून अधिक काळ या चार पावलांत बसला आहे. यातले प्रत्येक नाव आपापल्या काळी 'नवं वाण' होते. प्रत्येकासाठी कोणीतरी बांधावरून हाक मारली असेल. प्रत्येकाच्या बातमीने कोणाचे तरी जुने झाड फिके पडले असेल. आणि यांतले कोणतेच वाण जुन्याला टाकून झालेले नाही. आळंदी मोडून गणेश आला नाही, आळंदीतून आला. नव्याच्या ओढीला आपण जुन्याचे वैर समजतो, पण वाणांच्या वंशावळीत तसे वैर दिसत नाही.

आता या मननाच्या मध्यावर आलो. इथे जरा जास्त वेळ बसू.

गणेशखिंडीतल्या त्या माणसाने नेमके काय केले? रोपे ओळीत उभी होती. सगळी आळंदीचीच. पाणी तेच, ऊन तेच. त्यातल्या एकापाशी तो थांबला. हे इतरांसारखे नाही, एवढे त्याला दिसले. बाकी सगळे त्यानंतरचे.

आपल्या भागात असे थांबणारे लोक आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे द्राक्षबागायतदार. थॉम्पसन सीडलेसमधून लांबट मण्यांचे सोनाका त्यांनी निवडले, पुढे काळ्या द्राक्षांत शरद सीडलेस. द्राक्षवेलीवर कधी कधी एकाच डोळ्यातून फुटलेली काडी बाकीच्या वेलीपेक्षा निराळी निघते. बदल त्या एका डोळ्यात झालेला असतो. छाटणीवाल्याच्या कात्रीखाली ती काडी गेली की संपले. ती वाचते, कारण कोणीतरी तिथे थबकतो. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ मल्हारी कसपटे यांनी सीताफळात असाच शोध घेतला. एनएमके-१ गोल्डन या वाणाच्या नावात त्यांचीच आद्याक्षरे आहेत. मोठा गर, कमी बिया, झाडावर आणि काढल्यावरही टिकणारे फळ. ते वाण नोंदणीकृत झाले आणि महाराष्ट्राबाहेरही गेले.

या लोकांकडे काय होते जे आपल्याकडे नाही? जमीन आपल्यासारखीच. पाण्याची ओढाताण आपल्यासारखीच. नवे त्यांनाही हवे होते, आपल्याइतकेच, कदाचित जास्त. फरक इतकाच की नव्याची वाट बघताना त्यांचे डोळे रस्त्याकडे नव्हते, स्वतःच्या ओळीकडे होते.

हे वाक्य मनात ठेवा आणि पुन्हा आपल्या झाडाकडे वळा.

बघा. एखादी फांदी वेगळी आहे का? एखाद्या फांदीवरची फळे आधी रंग धरतात का? शेजारच्या झाडाला डाग आला तेव्हा हे झाड त्यातल्या त्यात स्वच्छ राहिले होते का? आठवा. आठवत नसेल तर तेही प्रामाणिकपणे बघा. पाच वर्षे ज्या झाडाची फळे आपण काढली त्याच्याविषयी आपल्याला किती थोडे सांगता येते. प्लॉट आपल्याला आठवतो, टनेज आठवते, भाव तर पैशापर्यंत आठवतो. झाड आठवत नाही.

समजा वेगळी फांदी दिसली. तरी उसळू नका. बहुतेक वेळा तो फरक उन्हाचा निघतो, किंवा ठिबकच्या तुंबलेल्या ड्रिपरचा, किंवा बांधाजवळ साचलेल्या शेणखताचा. पुढच्या बहारात तो जातो. खरा फरक मागे लागून तपासावा लागतो. यंदा दिसला, पुढच्या बहारात दिसतो का? गुटी बांधली, गुटीच्या झाडातही उतरतो का? त्या सगळ्या झाडांत सारखा उतरतो का?

देशाच्या कायद्यानेही हेच प्रश्न विचारले आहेत. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. त्याचे प्राधिकरण २००५ मध्ये दिल्लीत सुरू झाले. नव्या वाणाची नोंद व्हायची तर चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य. कागदावर हे रुक्ष वाटते. बांधावर बसून एकेका शब्दाशी थोडा वेळ थांबले की तो रुक्ष राहत नाही.

नावीन्य म्हणजे बाजारात आधीपासून विकले जात नसलेले. इथे ओढ जागी होते. आपण बहुतेक जण इथेच थांबतो.

वेगळेपणा म्हणजे माहीत असलेल्या प्रत्येक वाणाहून निदान एका ठळक लक्षणाने निराळे. हे ओळखायला आधी माहीत असलेले नीट माहीत असावे लागते. जुन्याची पारख नाही त्याला नव्याचे वेगळेपण कळणार तरी कसे? एकच भगवा शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशा नावांनी विकला गेला, आणि दर वेळी कोणीतरी नवे म्हणून जादा पैसे मोजले.

एकसारखेपणा म्हणजे एका झाडात दिसले ते त्या वाणाच्या सगळ्या झाडांत दिसले पाहिजे. एका सुंदर फळाच्या फोटोला इथे किंमत नाही.

स्थैर्य म्हणजे पुन्हा पुन्हा वाढवले तरी तेच राहिले पाहिजे. पहिल्या वर्षीचा उत्साह ही कसोटी पार करू शकत नाही. काळच ती घेतो.

आता हेच चार शब्द स्वतःच्या हौसेला लावून बघा. माझी ही ओढ नवी आहे, हे कबूल. पण गेल्या खेपेच्या ओढीहून ती वेगळी आहे का? फोटो बघताना असते तशीच ती खड्डे घेताना, फवारणी करताना, मजुरी देताना राहते का? आणि तीन वर्षांनी, झाड पहिल्यांदा नीट फळायला लागेल तेव्हा, ती उरलेली असेल का?

उत्तर लगेच नको. थांबा.

त्याच कायद्यातले एक कलम इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वृक्ष आणि वेलींच्या नोंदलेल्या वाणावर निर्माण करणाऱ्याचा हक्क अठरा वर्षांपर्यंत चालतो. ज्याने निरखले, जपले, त्याला त्याचे मोल मिळावे म्हणून. त्याच वेळी ३९ वे कलम शेतकऱ्याला सांगते की आपल्या शेतातले बियाणे राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, दुसऱ्याला द्यावे, विकावेही. फक्त त्यावर नोंदलेल्या वाणाच्या नावाचे लेबल लावून ते विकता येत नाही. एकट्याचे निरखणे आणि गावाची देवघेव, दोघांनाही या कायद्यात जागा आहे. वाण असेच जगत आले आहे. आळंदीचे डाळिंब पहिल्यांदा कोणी राखले त्याचे नाव कुठल्याच नोंदवहीत नाही, पण त्याच्यावाचून पुढचे एकही नाव झाले नसते.

आता वाट पाहण्याविषयी, आणि त्यासाठी थोडे दूर जपानला.

पिओनीचे दोन प्रकार असतात. एक जमिनीलगत वाढणारा, हिवाळ्यात वरचा भाग मरून पुन्हा फुटणारा. दुसरा झुडपासारखा, लाकडी खोडाचा. दोघांचा संकर होत नाही असेच धरले जात होते. तोइची इतो नावाच्या जपानी माणसाने त्यासाठी कितीतरी प्रयत्न केले आणि १९४८ मध्ये त्याच्या हाताला बी लागले. रोपे उगवली. पिओनीच्या बियापासून फूल यायला वर्षे लागतात. १९५६ मध्ये इतो वारला. त्याच्या रोपांना फुले आली ती त्यानंतर, साठच्या दशकात. पिवळी, भरगच्च, आधी कोणी न पाहिलेली. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुई स्मिरनाव्हने त्यांतल्या काहींची नोंद केली. आज त्या संपूर्ण वर्गाला इतो पिओनी म्हणतात.

त्याच्या जागी स्वतःला बसवून बघा. रोपे समोर आहेत. हिरवी पाने, फूल नाही. आपल्याला ते बघायला मिळणार नाही हे त्याला ठाऊक असेल किंवा नसेल. पाणी घालायचे थांबवण्याचे कारण मात्र दोन्हीकडे नव्हते. नव्याची ओढ इतकी शांत होऊ शकते. ती फूल बघितल्याविनाही काम करते.

आपल्याला इतके करायचे नाही. डाळिंब दयाळू आहे. लावल्यापासून दोन-अडीच वर्षांत पहिला बहार धरता येतो. तेवढे तरी थांबता येईल.

आता हळूहळू उठायची तयारी करा. बांधावरचा माणूस अजून फोन घेऊन उभा आहे. त्याला परतवून लावू नका. नवे वाण बघा, त्याचे मूळ झाड बघायला जा, ज्याने लावले आहे त्याच्या दारी जाऊन त्याचे नुकसान झालेले वर्ष विचारा. पटले तर लावा, आधी दोन ओळी. नोंद असलेल्या ठिकाणचीच रोपे घ्या, बिल मागा. बाकीचा प्लॉट आहे तसा राहू द्या. त्या दोन ओळी आणि जुना प्लॉट एकाच पाण्यावर, एकाच हवेत, एकाच तेल्याच्या वर्षात उभे राहतील तेव्हा खरी तुलना होईल.

आणि आजच एक वही करा. ओळीचा क्रमांक, झाडाचा क्रमांक, बहार कोणता, कळी कधी निघाली, डाग कधी आला, फळ कधी भरले. जे झाड वेगळे वाटते त्याच्या फांदीला रंगीत फीत बांधा, म्हणजे छाटणीला आलेला गडीही तिथे थबकेल. तीन बहारांनंतरही ती फीत तिथेच ठेवावीशी वाटली, तर पावसाळ्यात त्या फांदीच्या गुट्या बांधा. वाटली नाही तर सोडून टाका. तीन बहार आपण एका झाडाकडे नीट पाहिले, हेही कमी नाही.

पुढे कधीतरी तुमच्याच बांधावर कोणी येईल आणि विचारेल, "काका, ही गुटी मिळंल का?" तेव्हा त्याला चहा द्या, झाड दाखवा, आणि फोटोच्या आधी वहीतली वाईट वर्षे वाचून दाखवा. ती ऐकूनही त्याचे डोळे चमकत राहिले, तर गुटी द्यायला हरकत नाही.